दाद कोणाकडे मागावी? दिव्यांगांच्या हक्कांचे प्राधिकरण आणि कर्जत–खालापूर

दिव्यांग व्यक्तींच्या नागरी हक्कांचे संरक्षण करणारी सार्वजनिक यंत्रणा कोणती, असे विचारले तर महाराष्ट्रात बहुधा एखाद्या कल्याण-कार्यालयाचे नाव सांगितले जाते आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. कल्याणाचे कार्यालय अनुदान मंजूर करते, तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे वाटते, विशेष शाळांना मान्यता देते आणि वर्षाअखेरीस लाभार्थ्यांची संख्या कळवते. हक्कांचे रक्षण करणारी यंत्रणा याहून मुळातच वेगळी असते. ती तक्रार ऐकते, कागदपत्रे मागवते, संबंधित अधिकाऱ्याला समोर बोलावते आणि ज्या शासनाच्या तिजोरीतून तिचा खर्च चालतो त्याच शासनाने कायदा मोडला असेल तर तसे लेखी नोंदवते. पहिल्या कार्यालयासमोर माणूस अर्जदार म्हणून उभा राहतो, दुसऱ्यासमोर तक्रारदार म्हणून. रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात या फरकाचा विचार करणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

नागरी हक्क ही संज्ञा येथे तिच्या साध्या अर्थाने घेतली आहे. मतदान करणे, शाळेत जाणे, नोकरी मिळवणे आणि टिकवणे, रस्त्यावरून व गाडीतून प्रवास करणे, आपल्या नावावरची जमीन स्वतः सांभाळणे, पोलीस ठाण्यात फिर्याद देणे, न्यायालयात साक्ष देणे, कोणाबरोबर आणि कोठे राहायचे हे ठरवणे, या गोष्टी नागरिकाला तो नागरिक आहे म्हणून मिळतात. कोणाच्या कृपेने नव्हे. दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत त्या बहुतेक वेळा उघडपणे नाकारल्या जात नाहीत, तर एखादी पायरी, एखादा अर्ज किंवा न दिसणारी सूचना आड येते आणि कोणी नकार न देताच नकार मिळालेला असतो. म्हणूनच कायद्याने ‘वाजवी सोय’ ही कल्पना आणली. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा यासाठी, समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, नियमात किंवा व्यवस्थेत करायचा आवश्यक तो बदल म्हणजे वाजवी सोय, आणि ती न देणे हादेखील भेदभावच, असे २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम सांगतो. आता हा बदल वाजवी होता की नव्हता, भार अवाजवी होता की केवळ कंटाळा होता, याचा निवाडा कोणीतरी करावा लागतो. तो करणारा नसेल तर ही सारी कल्पना कागदावर राहते.

कर्जत आणि खालापूर हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी निवडण्याचे कारण त्यांच्या स्थानात आहे. मुंबई–पुणे लोहमार्गावर कर्जत जवळजवळ मधोमध येते, मुंबईहून सुमारे १०० किलोमीटरवर आणि पुण्याहून त्याहून किंचित कमी अंतरावर. राज्याच्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा ३ डिसेंबर २०२२ रोजी झाली. तो विभाग मुंबईत मंत्रालयात आहे. आयुक्तालय पुण्यात आहे. म्हणजे राज्याच्या दिव्यांगविषयक कारभाराची दोन्ही टोके कर्जतच्या फलाटावरून थेट गाडीने गाठता येतात. मात्र ज्या ठिकाणी सामान्य माणसाचे प्रत्यक्ष काम असते ते जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला, समुद्रकाठी आहे. तिथे प्रवासी रेल्वे पोहोचत नाही आणि कर्जतच्या माणसाला खोपोली किंवा पनवेल गाठून, पेण मागे टाकून रस्त्यानेच जावे लागते. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा सामान्य रुग्णालय, सारे तिथेच. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय पेणला. उल्हास आणि पाताळगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या, प्रत्येकी दोन लाखांहून अधिक लोकवस्तीच्या या तालुक्यांतील दिव्यांग माणसाला आपल्या एकाच आयुष्यासाठी इतक्या दिशांना तोंड करावे लागते.

यंत्रणेचा इतिहास फार जुना नाही, परंतु त्यात एक वळण असे आहे की ते नीट समजून घेतल्याशिवाय आजची अवस्था कळत नाही. १९९५ चा दिव्यांग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वसमावेशक केंद्रीय कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली, केंद्रात मुख्य आयुक्त आणि राज्यांत आयुक्त ही पदे निर्माण केली, आणि अडथळामुक्त रस्ते व इमारतींसंबंधीच्या तरतुदींना शासनाच्या आर्थिक कुवतीची मर्यादा घातली, म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने राखून ठेवले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तिला अनुसमर्थन दिले, म्हणजे ती आपल्यावर बंधनकारक मानली. या संहितेच्या ३३ व्या अनुच्छेदात अंमलबजावणी करणारा शासनाचा विभाग आणि त्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा यांचा वेगवेगळा उल्लेख आहे, आणि देखरेखीत दिव्यांग व्यक्ती व त्यांच्या संघटनांचा पूर्ण सहभाग असावा असेही म्हटले आहे. भारताने मान्य केलेली ही विभागणी भारतातच फारशी पाळली गेलेली नाही.

नव्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये समिती नेमली गेली आणि तिने २०११ मध्ये मसुदा सादर केला. त्यात हक्कांच्या संरक्षणासाठी भक्कम प्राधिकरणाची कल्पना होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकात राष्ट्रीय आयोग आणि राज्य आयोग यांची तरतूद होती, म्हणजे एका अधिकाऱ्याऐवजी अनेक सदस्यांचे, सामूहिक निर्णय घेणारे मंडळ. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने जे मंजूर केले त्यात मात्र आयोग गळाला होता आणि जुनेच मुख्य आयुक्त व राज्य आयुक्त परत आले होते. दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के झाले, शिक्षेच्या तरतुदी आल्या, आणि या लाभांच्या आनंदात आयोगाचे जाणे फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. हक्कांची यादी वाढत असताना त्यांच्या रखवालदाराची ताकद जवळपास तीच ठेवली गेली, हे या कायद्याचे सर्वांत मोठे वैगुण्य म्हटले पाहिजे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७९ प्रमाणे राज्य शासन राज्य आयुक्त नेमते आणि त्याला मदत करण्यासाठी कमाल पाच तज्ज्ञांची सल्लागार समिती असते. कलम ८० प्रमाणे आयुक्त तक्रारीवरून किंवा स्वतःहून चौकशी करू शकतात. कायद्याशी विसंगत असलेले नियम आणि धोरणे शोधून ती दुरुस्त करण्यास सांगू शकतात, निधीच्या वापरावर लक्ष ठेवू शकतात. कलम ८२ त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार देते, म्हणजे साक्षीदाराला हजर राहण्याचा आदेश देणे, दस्तऐवज सादर करायला लावणे, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणे. कलम ८३ प्रमाणे त्यांचा वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर ठेवावा लागतो, आणि एखादी शिफारस मान्य झाली नसेल तर तिची कारणेही. वाचताना हे सारे भरघोस वाटते. परंतु आयुक्तांच्या चौकशीतून शेवटी जे बाहेर पडते ती शिफारस असते. कलम ८१ प्रमाणे संबंधित प्राधिकाऱ्याने तिच्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे, आणि ती मान्य नसेल तर त्याची कारणे त्याच मुदतीत आयुक्तांना व तक्रारदाराला द्यावीत. म्हणजे नाकारण्याची मुभा आहे, फक्त कारण सांगून नाकारावे लागते.

या अधिकारांची लांबीरुंदी सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली दोनदा मोजली. स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध विनेश कुमार भसीन या २०१० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की दिवाणी न्यायालयाचे अधिकार चौकशीपुरते आहेत, त्यांच्या आधारे आयुक्तांना मनाई हुकूम किंवा अंतरिम स्थगिती देता येत नाही. गीताबेन रतिलाल पटेल यांच्या २०१३ च्या प्रकरणात मात्र नोकरीवरून काढलेल्या शिक्षिकेच्या तक्रारीची दखल घेऊन निर्देश देण्याचा आयुक्तांचा अधिकार मान्य झाला. या दोन निकालांच्या मधल्या जागेत आयुक्तांना काम करावे लागते आणि त्या जागेत किती पाय पसरायचे हे प्रत्यक्षात त्या खुर्चीवरच्या व्यक्तीच्या धाडसावर ठरते. नागरिकाचा हक्क असा अधिकाऱ्याच्या स्वभावावर सोडलेला असू नये.

स्वभावाचा प्रश्न निघाला की स्वातंत्र्याचा प्रश्न येतोच. महाराष्ट्रात पुण्याच्या आयुक्तालयाने दीर्घकाळ दोन्ही कामे एकाच छताखाली केली: विशेष शाळा व कर्मशाळा यांची मान्यता व अनुदाने, योजनांची अंमलबजावणी, आणि त्याच योजनांविरुद्धच्या तक्रारींची सुनावणी. प्रशासकीय सेवेतील जो अधिकारी ही खुर्ची सांभाळतो त्याची बदली शासनाच्या हातात असते, आणि उद्या तो ज्या खात्यात जाणार ते खाते आज त्याच्यासमोर प्रतिवादी असू शकते. व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी ही रचना तिच्यावर अन्याय करते. राज्य आयुक्त स्वतः दिव्यांग असावा, अशी अटही कायद्यात नाही; पुनर्वसनाच्या क्षेत्रातील विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव एवढेच पुरते. केंद्रात मुख्य आयुक्तांच्या मदतीला असणाऱ्या दोन आयुक्तांपैकी एक दिव्यांग असावा असे बंधन आहे, राज्यांना तेवढेही नाही. ब्रिटनने १९९९ चा कायदा करून २००० मध्ये सुरू केलेल्या डिसॅबिलिटी राइट्स कमिशनमध्ये निम्म्याहून अधिक आयुक्त दिव्यांग असावेत, ही अट कायद्यातच होती. शिवाय ते कमिशन एखाद्या व्यक्तीचा खटला स्वतःच्या खर्चाने लढवू शकत असे आणि एखाद्या कंपनीची औपचारिक चौकशी करू शकत असे. त्यापूर्वी ब्रिटनमध्येही केवळ सल्ला देणारे मंडळ होते आणि त्याच्या दुबळेपणावर टीका झाल्यानंतरच कमिशन आले, हा क्रम महाराष्ट्राने लक्षात घेण्याजोगा आहे.

सल्ला देणाऱ्या मंडळांचे आपल्याकडे काय होते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे राज्यात सल्लागार मंडळ असणे बंधनकारक आहे. मुंबईच्या पदपथांवरील खांबांच्या अडथळ्यांसंबंधीच्या सुनावणीत २०२४ मध्ये उच्च न्यायालयापुढे असे आले की अशासकीय सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्याने हे मंडळ २०२० पासून चाललेलेच नव्हते. राजधानीच्या शहरात, उच्च न्यायालयाच्या दारात जर हे होते, तर कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या किंवा खालापूर तालुक्यातल्या चौकच्या माणसाने जिल्हास्तरीय समितीबद्दल काय अपेक्षा ठेवावी?

कायद्याने त्याच्यासाठी जी शिडी ठेवली आहे ती पायरीपायरीने पाहिली पाहिजे. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेने राजपत्रित दर्जाचा तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. नोकरीतील भेदभावाची तक्रार त्याच्याकडे करायची, त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची, समाधान झाले नाही तर कलम ७२ खालील जिल्हास्तरीय समितीकडे जायचे. छळ, हिंसा किंवा शोषण होत असेल तर कलम ७ प्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि तालुक्यात हा दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार. येथे एक जमेची बाजू आहे, कारण कर्जत व खालापूरच्या तहसीलदारांना बंदिस्त ठेवलेल्या किंवा मारहाण होत असलेल्या माणसाची सुटका करण्याचा आदेश देण्यासाठी अलिबागकडे पाहावे लागत नाही. पण तहसील कार्यालयाच्या खिडकीशी दिव्यांग माणसाचा संबंध मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जापुरता येतो, आणि तिथे त्याला सवय लागते ती मागण्याची, दाखल्यावर दाखला जोडण्याची, यादीत नाव आले का ते पुन्हा पुन्हा विचारण्याची. त्याच खिडकीतून दंडाधिकाऱ्याचे संरक्षणही मिळते हे त्याला कोणी सांगत नाही.

प्रवासाच्या बाबतीत ही शिडी तीन ठिकाणी मोडलेली आहे. कर्जत स्थानकातील अडचणीबद्दल तक्रार असेल तर रेल्वे ही केंद्राची आस्थापना असल्यामुळे ती दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाते. त्याच स्थानकाबाहेर एसटीत चढता आले नाही तर महामंडळ राज्याचे, म्हणून तक्रार पुण्याला. आणि दोन्हींच्या मधला रस्ता नगरपरिषदेचा. माणूस मात्र एकाच फेरीत या तिन्ही हद्दी ओलांडतो. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना भरीव सवलत आहे आणि ती खरोखर उपयोगाची आहे, परंतु बसची पायरी जिथे होती तिथेच आहे. सवलत हा कल्याणाचा भाग आणि पायरी हा हक्काचा भाग, असे म्हटले तर या संपूर्ण विषयाचा गाभा त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राच्या २०१७ च्या नियमांतील १५ वा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात सुगम्यतेचे, म्हणजे इमारती, वाहने व माहिती सर्वांना वापरता येण्याजोगी असण्याचे, निकष केवळ मार्गदर्शक म्हणून दिले होते आणि अधिनियमाला ते बंधनकारक असणे अभिप्रेत होते. अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याची मुदत २०२२ मध्येच उलटून गेली होती.

माथेरान हे कर्जत तालुक्यातले गिरिस्थान या प्रश्नाला एक वेगळीच गुंतागुंत देते. तेथे मोटारींना बंदी आहे आणि फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले. ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी दीर्घकाळ घोडा, नाहीतर माणसाने ओढायची हातरिक्षा होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले आणि ई-रिक्षांचा मार्ग दाखवला. रिक्षा ओढणाऱ्याची प्रतिष्ठा, डोंगराचे पर्यावरण आणि घोडेवाल्यांचा व्यवसाय यांची बाजू मांडणारे या वादात अनेक होते. माथेरानमध्ये कायम राहणाऱ्या, दुकानात, दवाखान्यात आणि मतदान केंद्रात रोज जावे लागणाऱ्या दिव्यांग रहिवाशाची बाजू स्वतःहून मांडणे हे हक्कांच्या प्राधिकरणाचेच काम. स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिला आहे तो अशाच प्रसंगांसाठी.

याहून गंभीर उदाहरण खालापूर तालुक्यातले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि शोधकार्य थांबवताना ५७ जण बेपत्ता होते. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, पायवाटेने चढूनच जावे लागे, आणि म्हणून मदतीची यंत्रसामग्रीही वर पोहोचू शकली नाही. अधिनियमाचे कलम ८ फारसे चर्चेत येत नाही, पण त्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवण्याची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत योग्य रीतीने पोहोचवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. सह्याद्रीच्या उतारावर अशा अनेक वाड्या आहेत जिथून आजारी माणसाला आजही झोळी करून खाली आणावे लागते. ज्याला ऐकू येत नाही त्याला रात्रीच्या पावसात कोण उठवणार, आणि ज्याला चालता येत नाही त्याला कोणाच्या खांद्यावरून खाली आणणार, हे पावसाळ्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. ते ठरले आहे काय, हे दरवर्षी मे महिन्यात लेखी विचारणारे कार्यालय हवे. जिल्हा प्रशासनाने स्वतःच स्वतःला हा प्रश्न विचारावा असे म्हणणे म्हणजे परीक्षार्थ्यालाच उत्तरपत्रिका तपासायला देणे होय.

वाड्यांच्या संदर्भात कातकरी समाजाचा स्वतंत्र विचार करावा लागतो. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेला हा समाज पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातो आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततो. दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्यावरून मिळणारे वैश्विक ओळखपत्र यांशिवाय पुढचे कोणतेच दार उघडत नाही, आणि दाखल्यासाठी तपासणी, तपासणीसाठी शिबिर, शिबिरासाठी ठरलेली तारीख लागते. ती तारीख हिवाळ्यात पडली तर कुटुंब गावातच नसते. त्या घरातल्या दिव्यांग मुलाला शाळेत ठेवायचे तर मागे कोण थांबणार, असा प्रश्न असल्याने ते मूलही भट्टीवर जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून थोड्या अधिक. त्या गणनेत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार होते, आणि आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार त्यात नव्हता, तो २०१६ च्या यादीत आला. या भागातील खरी संख्या छापील संख्येहून मोठी असणार, असे मानायला त्यामुळे सबळ आधार आहे.

खालापूरचा दुसरा चेहरा कारखान्यांचा आहे. खोपोली, रसायनी आणि पाताळगंगेच्या काठचा पट्टा पोलाद, कागद व रसायनांच्या उद्योगांचा, आणि वरून द्रुतगती मार्ग जातो. यंत्रात हात गमावलेला कामगार किंवा बोरघाटात अपघात झालेला चालक एका दिवसात दिव्यांग होतो. शासकीय कर्मचारी सेवेत असताना दिव्यांग झाला तर त्याला काढता किंवा खालच्या पदावर नेता येत नाही, असे कलम २० सांगते. खासगी कारखान्याला ते लागू नाही. खासगी मालकाने कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करायचे असते आणि त्यात कामाच्या सोयी नमूद करायच्या असतात; वीस किंवा अधिक माणसे कामावर असतील तर त्याहून अधिक तपशील द्यायचा असतो. नुकसानभरपाई मिळाली म्हणजे प्रकरण संपले, अशी समजूत मालकाची असते तशी बहुधा कामगाराचीही असते. त्याला परत कामावर घेण्यासाठी बैठक, अवजार किंवा पाळी बदलता आली असती का, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर विचारायचा कोणाला, हेही ठरत नाही.

ग्रामपंचायतींचा विषय येथे थोडक्यात उरकता येतो. स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे शासनाचे आदेश आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी ती वर्षअखेरीस समान वाटून टाकली जाते. घरटी हजार-दोन हजार रुपये देण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या दाराशी उतार आणि कठडा बांधला असता तर तो पुढच्या माणसालाही उपयोगी पडला असता. पण वाटपाचा फोटो निघतो, उताराचा निघत नाही.

नव्या प्राधिकरणाच्या कल्पनेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. राज्यात मानवी हक्क आयोग आहे, महिला आयोग आहे, लोकसेवा हक्क आयोग आहे. आणखी एका आयोगाने काही लोकांची सोय लागेल, दिव्यांगांची लागेलच असे नाही. ब्रिटनमध्येही २००७ मध्ये डिसॅबिलिटी राइट्स कमिशन समानता व मानवी हक्कांच्या एकत्रित आयोगात विलीन झाले. परंतु या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा लोकांच्या हाती आला तो राज्य माहिती आयोगाची विभागवार खंडपीठे झाली म्हणून; कोकण विभागाचे खंडपीठ नवी मुंबईत बसते आणि अधिकाऱ्याच्या खिशातून दंड वसूल करू शकते. दिव्यांग हक्कांच्या आयुक्तांना यातले काहीच नाही. कलम ८९ खालचा दंड आणि कलम ९२ खालची सहा महिने ते पाच वर्षांची कैद न्यायालयाच्या हाती आहे, आणि त्यासाठी जिल्ह्यातील सत्र न्यायालय कलम ८४ प्रमाणे विशेष न्यायालय म्हणून निर्देशित व्हावे लागते. मुख्य आयुक्तांनी निरनिराळ्या राज्यांत फिरती न्यायालये भरवून तक्रारदाराच्या जवळ जाऊन सुनावण्या घेतल्या आहेत. हा मार्ग राज्यालाही मोकळा आहे आणि त्यासाठी कायद्यात एक शब्दही बदलावा लागत नाही.

म्हणून मागणी दोन पातळ्यांवर करावी लागते. संसदेने २०१४ च्या विधेयकातील आयोगाकडे परत जाऊन त्याला बंधनकारक आदेशाचा अधिकार द्यावा, ही दीर्घ पल्ल्याची. राज्य शासनाने मात्र आजच करता येण्याजोग्या गोष्टी कराव्यात: राज्य आयुक्ताचे पद योजना राबवणाऱ्या कार्यालयापासून पूर्णपणे वेगळे करावे, त्या पदावर दिव्यांग व्यक्तीची ठरावीक मुदतीसाठी नेमणूक करावी, कोकण विभागासाठी स्वतंत्र पीठ द्यावे आणि त्या पीठाने दर तिमाहीत एकदा कर्जत किंवा खोपोलीत, तळमजल्यावर, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह बसावे. या दोन तालुक्यांतील वाचकाने तोवर एक काम करावे. ज्या शासकीय कार्यालयात त्याचे जाणे-येणे आहे तिथे कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि पद लेखी विचारावे, आणि उत्तर आले नाही तर तीच पहिली तक्रार म्हणून पुण्याच्या आयुक्तांकडे पाठवावी.